पोलिओ गेला, पण पाय पुन्हा थकू लागले

मांडीवर हात टेकून चालणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पोलिओमुळे मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू गेला की पाऊल टाकताना गुडघा एकदम दुमडतो आणि माणूस कोसळतो. म्हणून अंगाचा भार त्या पायावर येतो नेमक्या त्या वेळी मांडी हातानं मागे दाबायची, गुडघा ताठ करायचा आणि मग दुसरा पाय उचलायचा. अनेकांना हे कुणी शिकवलेलं नसतं. लहानपणी पडत-धडपडत त्यांनी ते स्वतःच शोधून काढलेलं असतं. स्वतःच्या शरीराचा इतका बारकाईनं अभ्यास धडधाकट माणसाला कधी करावाच लागत नाही.

भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आजार संपला. मात्र तो लहानपणी होऊन गेलेली माणसं आज चाळिशी, पन्नाशी, साठीत आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना आता नव्याच प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. इतकी वर्षं जिना चढत होतो, मग आताच पाय का थकायला लागले?

याचं उत्तर मज्जारज्जूत आहे. पोलिओचा विषाणू स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. संवेदना शाबूत राहते, हालचाल जाते. मग वाचलेल्या चेतापेशी नवे फाटे फोडतात आणि शेजारच्या मेलेल्या पेशींचे पोरके स्नायुतंतू आपल्या पदरात घेतात. मूल पुन्हा उभं राहतं ते यामुळेच. पण एकेका पेशीवर मूळ कामाच्या कितीतरी पट बोजा पडलेला असतो. पंधरा, वीस, कधी चाळीस वर्षांनी हे फाटे झडू लागतात. नवा अशक्तपणा येतो, सांधे दुखतात, थंडी सोसत नाही आणि झोपूनही जात नाही असा थकवा येतो. यालाच पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. चांगला समजला जाणारा पायसुद्धा यात दगा देऊ शकतो, कारण त्यालाही पूर्वी थोडा पोलिओ होऊन गेलेला असू शकतो.

शरीराचं हे गणित बदलतं तेव्हा माणसाला आपलं अपंगत्व दुसऱ्यांदा समजून घ्यावं लागतं. अमेरिकेत फ्रेडरिक मेनार्ड आणि सनी रोलर यांनी १९९१ मध्ये पोलिओग्रस्तांच्या वागण्याचे तीन ढोबळ प्रकार मांडले. पहिल्या प्रकारातले लोक व्यंग सौम्य असल्यामुळे ते लपवून चारचौघांत मिसळून जातात. दुसऱ्यांचं व्यंग दिसतं, पण ‘त्याचं काही विशेष नाही’ म्हणत ते रेटून पुढे जातात. तिसऱ्यांचं अपंगत्व तीव्र असतं, व्हीलचेअर लागते, आणि ‘मी असा आहे’ हे त्यांनी कधीच स्वीकारलेलं असतं. नवा अशक्तपणा आला की पहिल्या दोन प्रकारांतली माणसं अधिक हादरतात. ज्याला पूर्वी कमी त्रास होता, त्यालाच आता काठी हातात घेणं जास्त जड जातं.

यात आपल्या कौतुकाचाही वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं. ‘काय जिद्द आहे!’ असं ज्याला जन्मभर ऐकवलं, त्यानं व्हीलचेअर मागायची तरी कोणत्या तोंडानं? त्याला ती हार वाटते. वास्तविक दमलेल्या चेतापेशींवरचा बोजा उतरवण्याचा तो सरळसाधा उपाय आहे.

बाहेरून पाहणाऱ्याचा अंदाज इतरत्रही चुकतो. गॅरी अल्ब्रेख्त आणि पॅट्रिक डेव्हलिगर या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी १५३ अपंग व्यक्तींशी सविस्तर बोलणं केलं. गंभीर आणि कायमचं अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आपलं जगणं ‘चांगलं’ किंवा ‘उत्तम’ असल्याचं सांगितलं. समाधानी लोकांच्या बोलण्यात आपल्या शरीराची नेमकी जाण, रोजच्या कामांवरचा ताबा आणि आपल्या माणसांशी असलेलं नातं या गोष्टी येत होत्या. ज्यांना जगणं वाईट वाटत होतं, ते वेदना, थकवा आणि ताबा सुटल्याबद्दल बोलत होते.

आपल्याकडच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी ती किमान ४० लागते. स्नायूंची ताकद आणि सांध्यांची हालचाल तपासून आकडा काढता येतो. पण सकाळी ऑफिसला जाणारा माणूस संध्याकाळी भाजी घ्यायला उतरू शकेल का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते त्याचं त्यालाच ठाऊक असतं.

पोस्ट-पोलिओ बरा करणारं औषध अजून नाही. थायरॉइड, रक्तक्षय, मणक्याचे विकार अशी थकव्याची आणि अशक्तपणाची इतर कारणं आधी वगळावी लागतात. मग दिवसाची कामं वाटून घेणं, दमण्याआधीच थांबणं, झेपेल तेवढाच व्यायाम आणि योग्य कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट) किंवा काठी यांनी फरक पडतो. स्नायू दमेपर्यंत व्यायाम करवून घेणं इथे घातक ठरू शकतं. लहानपणी पोलिओ झाला होता हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगावं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर आवर्जून सांगावं, कारण अशा रुग्णांना काही औषधं नेहमीपेक्षा जास्त चढतात आणि श्वासाचे स्नायू अशक्त असतील तर आधीपासून तयारी ठेवावी लागते.