ताडोबातली ‘कोर’ आणि गेटवरचे नियम

गेटवर गाईड जे सांगतो (गाडीतून उतरू नका, मोबाइल बंद, आवाज नको) ते ऐकून घ्यायची सवय आपल्याला झाली आहे. यातल्या बऱ्याच नियमांना आजचा आकार आला तो 2012 मध्ये. त्याआधीचा इतिहास चार ओळींत संपतो. 1955 मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, तेव्हा चंद्रपूर मध्य प्रदेशात होते. 1986 मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प. ज्याच्यावरून ताडोबा हे नाव पडले असे मानतात, त्या तारू देवाची जत्रा मात्र या सगळ्या अधिसूचनांपेक्षा जुनी.

खरा गुंता ‘कोर’ या शब्दाचा आहे. 2006 च्या कायदादुरुस्तीने व्याघ्रप्रकल्पाचा गाभा ‘अबाधित’ ठेवायचा असे म्हटले. अबाधित म्हणजे कोणापासून? गावांच्या बाबतीत त्याचा अर्थ पुनर्वसन असा निघाला. ताडोबातल्याही काही गावांना उठावे लागले. मग याचिकेतून सरळ सवाल आला : पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला बाहेर काढायचे आणि पर्यटकांच्या जिप्सी गाड्या आत सोडायच्या, हे कसे?

24 जुलै 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरमधल्या पर्यटनाला तात्पुरती बंदी घातली. गहजब झाला. रिसॉर्टवाले, गाईड, जिप्सीवाले सगळे हवालदिल. खरे तर बहुतेक व्याघ्रप्रकल्प पावसाळ्यात तसेही बंदच असतात, त्यामुळे धास्ती होती ती ऑक्टोबरची. 16 ऑक्टोबरला बंदी उठली आणि तिच्या जागी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली : कोरच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटन, प्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर, दोन गाड्यांमध्ये 50 मीटर, एका सायटिंगपाशी (म्हणजे प्राणी दिसला तिथे) 15 मिनिटांहून जास्त थांबायचे नाही. ‘अबाधित’ म्हणजे काय, या प्रश्नाची अशी टक्क्यांत वाटणी झाली. गावकऱ्यांच्या वाट्याला असले 20 टक्के आले नाहीत, एवढे तरी नोंदवायला हवे.

या तत्त्वांनी पर्यटन बफरकडे, म्हणजे कोरभोवतीच्या पट्ट्याकडे, वळवायला सांगितले, आणि ते वळलेही. ताडोबाचा कोर सुमारे 625 चौरस किलोमीटर, तर बफर त्याच्या पावणेदोन पट. बफरमध्ये गावे आहेत, शेती आहे, गुरे चरतात. वाघ तेच. बफरची गेटे पावसाळ्यातही चालू राहू लागली, काही ठिकाणी रात्रीची सफारी आली. गावातल्या पोरांना गाईडचे काम मिळाले, हा त्यातला खराखुरा फायदा. पण वाघ दिसला की पन्नास मीटर कोण मोजतो? ‘सायटिंग झाली का?’ हाच गेटवरचा पहिला प्रश्न, आणि टिपही त्यावरच ठरते.

2024 च्या शेवटच्या दिवशी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्ये अडकले. चालक-गाईडांवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि मोबाइलचा मुद्दा पुन्हा तापला. ताडोबात मोबाइलबंदी त्याआधीचीच, पण तिची कडकाई गेटागणिक वेगळी. नोव्हेंबर 2025 मध्ये, उत्तराखंडातल्या एका प्रकरणात, कोरच्या पर्यटन क्षेत्रातील मोबाइलवर देशभरासाठी सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. आदेशाचा शब्द पुन्हा ‘कोर’च.