कविसंमेलन भरवताय? मांडव ठरवण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. जळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत आम्ही मांडव, खुर्च्या आणि साउंडचं काम करतो. लग्नकार्यं तर असतातच, पण 27 फेब्रुवारी जवळ आला, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन, की वाचनालयं, महिला मंडळं, कॉलेजची पोरं कविसंमेलनासाठी चौकशी करायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "स्टेज किती फुटांचं घ्यावं?" आमचा त्यांना उलटा प्रश्न असतो: "आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर उभे राहणारे किती जण आहेत?" आमच्या मते बाकी सगळा बेत या आकड्यावरून ठरवावा. मुरलेला कवी खरखरणाऱ्या माईकवरही वेळ मारून नेतो. नवख्याला ते जमत नाही, आणि एकदा फजिती झाली की तो पुन्हा येत नाही.

याच जळगावात 1907 साली महाराष्ट्र कविसंमेलन भरलं होतं. अध्यक्ष होते कर्नल कीर्तिकर. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला, आणि त्याच संमेलनात त्याला 'बालकवी' ही उपाधी मिळाली. "आधी मान्यवर, वेळ उरला तर नवोदित" असा क्रम त्या दिवशी असता तर त्या पोराचं काय झालं असतं, हे पत्रिका छापायच्या आधी मनात आणा.

नावनोंदणी आणि बोलावणं

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी ऐकून टिपून ठेवल्या, म्हणून आपल्यापर्यंत पोहोचल्या. अशी बाई आजही तुमच्या गल्लीत असेल. "कविता टाइप करून पीडीएफ पाठवा" एवढं एक वाक्य सूचनेत आलं की ती तिथेच गळते. फोनवर नाव घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला तरी चालेल म्हणा, आणि समितीतल्या कुणाला तरी घरी पाठवा. फ्लेक्स लावला म्हणजे बोलावणं झालं, असं होत नाही.

1885 साली ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं होतं. त्यांनी पत्र लिहून नकार दिला. शूद्रातिशूद्रांचे हक्क जे मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या सभेत जाऊन आमचा काय फायदा, असा त्यांचा सवाल होता. आम्ही मांडववाले, साहित्याचे जाणकार नाही. पण समितीची बैठक पाहिली की ही गोष्ट हमखास आठवते. अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, गोरमाटी, उर्दू यांतून लिहिणारे कवी हवे असतील तर त्यांच्यातला एकेक जण आधी समितीत घ्या. आणि सगळ्यांना मिळून एकच "बोलीभाषा सत्र" करून जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या वेळेत ढकलू नका. मराठी गझलेनंतर लगेच अहिराणी गीत येऊ द्या, ऐकणारा सावध बसतो. मुशायऱ्याला जाणाऱ्या मंडळींना आग्रहाने बोलवा, कारण दाद कशी द्यावी हे सभागृहाला त्यांच्याकडून शिकायला मिळतं. रमजान कधी आहे ते पाहून तारीख ठरवा, म्हणजे इफ्तारच्या वेळी कुणाला उठून जावं लागणार नाही.

वेळेचा हिशोब

सगळ्यात जास्त कार्यक्रम इथेच बिघडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तीन तास म्हणजे 180 मिनिटं. त्यातला तासभर दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सत्कार आणि अध्यक्षीय भाषण खातं. उरली 120. कवितेला चार मिनिटं धरा आणि नाव पुकारणं, उठून येणं, चष्मा काढणं याला एक मिनिट. म्हणजे 24 कवी. पत्रिकेवर मात्र चाळीस नावं असतात.

एका गावातली गोष्ट आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, तो सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. दहा वाजले, आम्ही साउंड बंद केला. आमचा मुलगा वायर गुंडाळायला गेला तर पहिल्या रांगेच्या कडेला एक आजी बसलेल्या. चार घड्या घातलेला वहीचा कागद त्यांनी मुठीत इतका वेळ धरला होता की घामाने शाई बोटांना लागली होती. संध्याकाळी पाचपासून त्या थांबल्या होत्या. "माझं नाव राहिलं का रे बाळा?" एवढंच त्यांनी विचारलं. त्याने आजींना रिकाम्या मांडवात, माईकशिवाय, ती कविता म्हणायला लावली. ऐकणारे आम्ही चौघं. त्या रात्री आम्ही आठ वाजताच आयोजकांना सावध करायला हवं होतं. ती चूक आमची.

तेव्हापासून आम्ही बुकिंगच्या वेळीच यादी मागतो. नावं जास्त असतील तर दोन दिवस करा, किंवा सकाळ-संध्याकाळ दोन बैठका. एक जाणता, एक नवखा असा क्रम लावा. सत्कार एकच, तोही शेवटी. शाल सगळ्यांना सारखी, नाहीतर कुणालाच नको. लांबून एसटीने येणाऱ्याला भाड्याचे पैसे पाकिटात घालून आल्या आल्या द्या.

माईक आणि आवाज

कवितेला दणका लागत नाही, शब्द लागतो. लग्नातले मोठे स्पीकर पुढे लावून आवाज वाढवला की पहिल्या रांगेचे कान दुखतात आणि शेवटच्या रांगेला घुमल्यासारखं ऐकू येतं. त्याऐवजी छोटे स्पीकर मधल्या रांगांपर्यंत वाटून लावतो. मांडवातले उभे पंखे आणि कूलर माईकमध्ये घरघरतात, म्हणून ते स्टेजपासून लांब ठेवावे लागतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे कूलरशिवाय निभाव नाही, तेव्हा त्या दिवसांत कार्यक्रम घेऊच नका असं आम्ही स्पष्ट सांगतो, मग ऑर्डर गेली तरी चालेल.

नवख्या कवींना तासभर आधी बोलवा. "हॅलो हॅलो" म्हणायला लावू नका, स्वतःच्या कवितेची पहिली ओळ म्हणू द्या. तोंड माईकपासून साधारण वीतभर. कागद माईकच्या खाली धरायचा, मध्ये नाही. प्रत्येक कवीच्या उंचीप्रमाणे स्टँड खाली-वर करायला आमचा माणूस बाजूला उभा असतो, कारण थरथरत्या हातांनी तो स्क्रू फिरत नाही. दुसरा माणूस मिक्सरवरून उठत नाही. हळू आवाजाच्या माणसाला "मोठ्याने बोला" असं कुणीही ओरडून सांगू नये, आवाज वाढवणं आमचं काम.

स्टेज आणि बैठक

स्टेज एक फुटाचं पुरे. उताराचा नियम एकास बारा असा आहे: एक फूट उंचीला बारा फुटांचा उतार. दोन फुटांचं स्टेज घेतलंत तर चोवीस फूट जागा लागेल, ती बहुतेक हॉलमध्ये नसते, आणि मग व्हीलचेअरवरच्या माणसाला चौघांनी उचलून वर न्यायची पाळी येते. तो माणूस त्यानंतर शांतपणे कविता कशी वाचणार? एक माईक खालीही ठेवतो, ज्यांना चढायचं नाही त्यांच्यासाठी. दिवा कागदावर पडावा, डोळ्यांत नाही. पुढची सोफ्याची रांग आम्हाला पटत नाही. तिथे सतरंजी घाला, लहान मुलं घेऊन येणाऱ्या आयांना ती बरी पडते. मागे हाताच्या खुर्च्या, कारण गुडघे दुखणाऱ्यांना उठायला आधार लागतो.

व्हिडिओ काढायचा तर नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाला विचारून ठेवा. घरच्यांना न सांगता लिहिणाऱ्या बायका असतात. त्या नाही म्हणाल्या तर कॅमेरा तेवढ्यापुरता बंद. कार्यक्रम उशिरा संपणार असेल तर त्यांना घरापर्यंत सोडायला गाडी ठेवा.

आमच्याकडे येताना

किमान तीन आठवडे आधी या. सोबत कवींची यादी (नवखे कोण, चढता न येणारे कोण, यावर खूण करून), जागेचा फोटो आणि जेवण कुठे वाढणार ते कळवा. लाउडस्पीकरची लेखी परवानगी तुमच्या संस्थेच्या नावाने लागते. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही दाखवू. जागा पाहायला आम्ही संध्याकाळी येतो, कार्यक्रमाच्या वेळेला. त्या वेळी रस्त्याचा आवाज किती येतो आणि दिवे कुठे कमी पडतात, ते तेव्हाच कळतं. या फेरीचे पैसे आम्ही घेत नाही.