उमेदवारनिवड (ग्रामीण विदर्भातील)

उमेदवारनिवड (ग्रामीण विदर्भातील) : समाजात दोन तट पडलेले असताना खेड्यातला मतदार अमुक एका नावासमोरचेच बटण का दाबतो, या प्रश्नाची विदर्भापुरती उकल. अकरा जिल्ह्यांच्या या प्रदेशात लोकसभेचे १० आणि विधानसभेचे ६२ मतदारसंघ आहेत. अभ्यासक विचारतात, मतदार कोणाला निवडतो. वऱ्हाडातल्या पानठेल्यावर प्रश्न वेगळा असतो : ‘यंदा कोनाले पाडाचं हाये?’ निवडून आणण्यापेक्षा पाडण्याची ही भाषा निव्वळ बोलण्याची ढब नाही. चुरशीच्या निवडणुकीत ग्रामीण विदर्भातले बरेचसे मत कोणाच्या तरी विरोधात पडते आणि समोरचा उमेदवार त्या मताचा आयता धनी होतो.

याचा अलीकडचा ठळक पुरावा २०२४ सालचा आहे. १९ आणि २६ एप्रिलला झालेल्या लोकसभेच्या मतदानात विदर्भाने १० पैकी ७ जागा महाविकास आघाडीला दिल्या. राज्यात सत्तेत असलेल्या महायुतीकडे नागपूर, अकोला आणि बुलढाणा एवढेच उरले. २० नोव्हेंबरला याच मतदारांनी विधानसभेच्या बहुतेक जागा महायुतीच्या पदरात टाकल्या. चंद्रपूर लोकसभेत भाजपचे सुधीर मुनगंटीवार हे काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकरांकडून २ लाख ६० हजारांहून अधिक मतांनी हरले. त्याच लोकसभा क्षेत्रात मोडणाऱ्या बल्लारपूरने त्यांना सात महिन्यांनी पुन्हा आमदार केले. गावे तीच, माणसे तीच, जातीही त्याच. मग बदलले काय?

पहिले उत्तर पिकाचे दिले जाते. पश्चिम विदर्भात कापूस व सोयाबीन, तर भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या बऱ्याच भागात धान. भाव पडला की राज्यकर्ते पडतात, असा एक समज आहे. एप्रिलमध्ये तो खरा ठरल्यासारखा वाटला. पण नोव्हेंबरात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजारात माल त्याच्या बराच खाली विकला जात होता, म्हणजे जखम ताजी होती. तरी कौल सत्तेच्या बाजूने गेला. याचा एक धागा घरातल्या पैशाच्या वाटेत सापडतो. सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचा पैसा, सहसा पुरुषाच्या हातात येते आणि कृषी केंद्राची उधारी फेडता फेडता संपते. लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये जुलै २०२४ पासून बाईच्या स्वतःच्या खात्यात आले. मतदानाआधी पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये. रक्कम फार नव्हे. पण ती कोणाला मागावी लागली नाही. एकाच चुलीवर जेवणाऱ्या नवरा-बायकोंचे हिशेब त्या दिवशी वेगळे असू शकत होते. ‘कुटुंबाचे मत’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरे उत्तर भीतीचे. लोकसभेच्या वेळी भाजपची ‘चारशे पार’ची घोषणा विदर्भात संविधान बदलण्याच्या शंकेशी जोडली गेली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर इथल्या गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत संविधान हा घरातला विषय आहे. तिथे ही शंका प्रचारपत्रकाविनाही पोचली. दलित, मुस्लिम आणि कुणबी मते एका बाजूला सरकल्याची तेव्हा बरीच चर्चा झाली. विधानसभेला ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा आली आणि भीतीचे तोंड फिरवण्याचा प्रयत्न झाला. फूट पाडणाऱ्या प्रचाराची खुबी इथेच असते. तो मतदाराचे मत बदलायच्या फंदात पडत नाही. कोणत्या गोष्टीवर मत द्यायचे ती गोष्टच बदलतो.

जातीबद्दल बाहेरून येणाऱ्या बातम्या फार ढोबळ असतात. कुणबी म्हटले की तिरळे, धनोजे, खैरे, झाडे, बावने असे पदर निघतात. वर्ध्याकडे तेली, गोंदियात पोवार, यवतमाळ-वाशीममध्ये बंजारा, गडचिरोलीत गोंड आणि माडिया, अशी प्रत्येक भागाची बेरीज निराळी. तरी नुसत्या बेरजेने काम भागत नाही. वर्ध्यातून भाजपचे रामदास तडस २०१४ आणि २०१९ ला जिंकले व २०२४ ला अमर काळे यांच्याकडून हरले. दहा वर्षांत तिथली जातरचना बदललेली नव्हती. संख्येने लहान अशा बंजारा समाजातले, पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ एवढा काळ मुख्यमंत्री राहिले. जात ही मतदाराच्या दृष्टीने बरेचदा पत्त्यासारखी असते : अडल्या वेळी कोणाच्या दारात जाता येईल, हे ती सांगते. तलाठ्याकडे अडकलेला फेरफार, महावितरणचे जळालेले रोहित्र, नागपूरच्या मेडिकलमध्ये न मिळणारी खाट. ‘आपला मानूस’ म्हणजे फोन उचलणारा माणूस. तो परजातीचा असूनही फोन उचलत असेल, तर जात मागे पडते.

उमेदवाराची ही पारख तेरवीला होते. लग्नाला, साक्षगंधाला सगळेच येतात, फोटो निघतात. घरचा कर्ता गेल्यावर तेरव्या दिवशी येऊन सतरंजीवर दहा मिनिटे बसलेला पुढारी लोकांच्या वर्षानुवर्षे लक्षात राहतो, आणि न आलेला त्याहून जास्त. पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या नाटकांचे उद्घाटक होण्यासाठी पुढाऱ्यांची रीघ लागते. देसाईगंज-वडसा हे या नाटकमंडळ्यांचे मुख्य ठाणे. दिवाळीनंतर रंगणारा हा हंगाम नोव्हेंबरच्या निवडणुकीला नेमका गाठतो. वऱ्हाडात पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढे म्हटली जाणारी चिमटे काढणारी पदे, हे आणखी एक मोजमाप. तोरणाखाली बैल उभे असताना ज्या पुढाऱ्यावर झडती निघाली आणि लोक खदखदून हसले, त्याने ‘हर बोला हर हर महादेव’च्या गजरातच आपले काय ते समजून घ्यावे.

परदेशी अभ्यासांपैकी एक इथे फार जवळचा वाटतो. १९४० साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ईरी काउंटीत पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याच त्या मतदारांना महिनोन्‌महिने भेटून पाहिले. वर्तमानपत्रे आणि रेडिओपेक्षा ओळखीच्या माणसाचे बोलणे अधिक वजनदार ठरते, असे त्यांना आढळले. विदर्भात ते ओळखीचे माणूस म्हणजे कृषी केंद्रवाला, गावात रजेवर आलेला शिक्षक, बचतगटाची अध्यक्षा. व्हॉट्सॲपवरचा मजकूरही कोणी पाठवला यावरून तोलला जातो. मतदार पक्षाशी बांधलेला असतो, या दुसऱ्या सिद्धान्ताची मात्र २०२४ ला पंचाईत झाली. शिवसेना २०२२ मध्ये व राष्ट्रवादी काँग्रेस २०२३ मध्ये फुटलेली. यवतमाळ-वाशीममध्ये धनुष्यबाणासमोर मशाल, म्हणजे सेनेसमोरच सेना. १९९९ पासून सलग पाच वेळा खासदार राहिलेल्या भावना गवळींना तिथे उमेदवारीच मिळाली नाही. निष्ठा ठेवायची कशावर : चिन्हावर, नावावर की माणसावर?

मत ‘वाया जाण्याची’ धास्तीही निवड ठरवते. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर १९९८ आणि १९९९ ला निवडून गेले होते. २०२४ च्या तिरंगी लढतीत त्यांना पावणेतीन लाखांच्या घरात मते पडली, पण ते तिसरे आले, आणि भाजपचे अनुप धोत्रे काँग्रेसच्या अभय पाटील यांच्यापुढे सुमारे ४० हजारांनी निघाले. आपल्या मनातला उमेदवार आणि नको त्याला पाडू शकणारा उमेदवार हे दोन वेगळे निघाले, की मतदाराची खरी ओढाताण सुरू होते. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे. पण रस्ता नाही, पूल नाही म्हणून चिडलेले गाव त्या बटणापेक्षा अख्ख्या मतदानावर बहिष्काराची भाषा करणे पसंत करते, कारण बहिष्कार म्हटला की तहसीलदार गावात येतो.

एका माणसाचे मत गुप्त असते, गावाचे नसते. पूर्वी कागदी मतपत्रिका एकमेकींत मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रावरची मोजणी केंद्रनिहाय होते. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखवणारे टोटलायझर यंत्र वापरावे, असा निवडणूक आयोगाचा २००८ चा प्रस्ताव अमलात आला नाही. त्यामुळे निकालानंतर कोणत्या गावाने, कोणत्या वस्तीने कोणाला किती दिले याचा कागद कार्यकर्त्यांच्या हाती असतो. पाचशे मतांच्या केंद्रावर विरोधकाला सतरा मते निघाली, तर ती सतरा कोणाची यावर आठवडाभर खल चालतो. पुढच्या पाच वर्षांत हातपंप कोणत्या गल्लीत येणार, हे त्या कागदावरून ठरण्याची धाकधूक असते. म्हणून दारात आलेल्या प्रत्येकाला ‘तुमालेच देनार आहो, भाऊ’ म्हणून चहा पाजायचा आणि खरे काय ते यंत्राजवळच्या पुठ्ठ्याआड करायचे, अशी रीत आहे. मतदान संपल्यावर चाचणीवाला आला, तर त्यालाही तोच चहा.