मशीनवरच्या 15 बारचं काय करायचं?
एस्प्रेसो मशीनच्या खोक्यावर '15 बार' (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) असं ठळक छापलेलं असतं आणि लोकांना वाटतं जितके बार जास्त तितकी कॉफी भारी. साफ चुकीचं आहे हे. एस्प्रेसोला साधारण 9 बार लागतात, 15 हा आकडा पंप जास्तीत जास्त किती ताणू शकतो त्याचा, तो छापून गिऱ्हाईक गटवायचं एवढंच.

मुळात पंप फक्त पाणी ढकलतो, पुढे अडथळाच नसेल तर प्रेशर येणार कुठून? अडथळा करते बास्केटमध्ये, म्हणजे कॉफी भरायच्या जाळीदार वाटीत, दाबून बसवलेली पावडर. ग्राइंड बारीक केलं की कणांमधल्या फटी लहान होतात, पाणी अडतं, प्रेशर चढतं. जाडसर असेल तर पाणी भसाभस निघून जातं आणि गेजचा काटा वर चढतच नाही, मग पंप कितीही महागाचा असू दे.

घरगुती मशीनमधला व्हायब्रेशन पंप बघाच एकदा उघडून, काय सुंदर डोकं लावलंय! कॉइलच्या आत लोखंडी पिस्टन आणि त्याला लागून स्प्रिंग. वीज 50 हर्ट्झची, पण वाटेत डायोड असल्यामुळे निम्मीच लहर पोचते, तेवढ्यात कॉइल पिस्टनला खेचते, स्प्रिंग दाबली जाते, लहर संपली की स्प्रिंग त्याला परत लोटते आणि पाणी पुढे जातं, असं सेकंदाला 50 वेळा. ती घरघर याचीच. म्हणजे पाण्यामागचा जोर स्प्रिंगचा, म्हणून पुढे प्रेशर वाढलं की फ्लो आपोआप कमी होतो. तरीही जास्त झालंच तर ओव्हर प्रेशर व्हॉल्व्ह असतो, तो 9 च्या आसपास सेट केला की वरचं पाणी टाकीत परत.

आता टेंपरेचर. पाणी 90 ते 96 डिग्रीत हवं. साधा थर्मोस्टॅट हीटर बंद करतो तरी तापलेलं एलिमेंट उष्णता देतच राहतं, त्यामुळे पाणी हव्या त्यापेक्षा पुढे जातं, मग खाली येतं, परत वर. थर्मोस्टॅटऐवजी पीआयडी कंट्रोलर (हीटर सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) असेल तर तो टेंपरेचर किती कमी आहे, किती वेळ कमी आहे आणि किती वेगाने बदलतंय या तिन्हींचा हिशोब करून हीटरला छोटे छोटे झटके देतो. पण शॉट (एका वेळची कॉफी काढणं) सुरू झाला की छोट्या बॉयलरमध्ये गार पाणी घुसतं आणि सेन्सरला ते कळेपर्यंत उशीर होतो, म्हणून काही मशीनमध्ये सेन्सरची वाट न बघता पंपाबरोबरच हीटर चालू करतात.