पाळीव सरड्यांचा आहार आणि खाद्यकीटकपालन (नाशिक)

पाळीव सरड्यांना व पालींना काय, किती आणि कधी खाऊ घालायचे, आणि त्यांना लागणारे किडे घरी कसे वाढवायचे, याविषयीची ही नोंद. वरवर पाहता हे दोन विषय, व्यवहारात एकच. कीटकभक्षी सरडा न हलणाऱ्या अन्नाकडे सहसा बघतही नाही, त्याला चालताफिरता घास लागतो. मोठ्या लेपर्ड गेकोला (ही ठिपक्याठिपक्यांची एक पाल) आठवड्यातून दोन-तीनदा जेवण पुरते. त्या जेवणाची, म्हणजे रातकिड्यांची आणि अळ्यांची, सरबराई मात्र रोज करावी लागते. घरात सरड्याची काचेची एक पेटी आणि गॅलरीत किड्यांचे चार डबे, असा साधारण संसार असतो. घरच्यांचा आक्षेपही बहुधा पेटीला नसतो, डब्यांना असतो.

कोणता सरडा पाळायचा हा प्रश्न आहाराच्या आधीचा. पांडवलेणीच्या उतारावर, मळ्याच्या बांधावर किंवा घराच्या भिंतीवर दिसणारे देशी सरडे पकडून पाळण्यासाठी नाहीत. घोरपड तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती बाळगणे हा गुन्हा आहे. छंद म्हणून पाळतात ते मुख्यतः परदेशी मूळ असलेले : ऑस्ट्रेलियाचा बिअर्डेड ड्रॅगन, मध्य व दक्षिण अमेरिकेतला ग्रीन इग्वाना, आणि लेपर्ड गेको. इग्वाना ‘साइटीस’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीने तो चौथ्या अनुसूचीखाली आला, आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. लेपर्ड गेकोचे जवळचे भाऊबंद महाराष्ट्राच्या रानातही राहतात. तेव्हा विकत घेतलेली पाल बंदिवासात जन्मलेलीच आहे, याची खात्री आधी करून घ्यावी. जाता जाता : ‘सरडा’ हा आपला शब्द २०१६ मध्ये प्राणिशास्त्राच्या नामावलीत गेला. गळ्याचा रंगीत पंखा उघडणाऱ्या सरड्यांच्या एका प्रजातीला (जीनसला) शास्त्रज्ञांनी तेच नाव दिले.

गेको, ड्रॅगन आणि इग्वाना या तिघांची पाने वेगवेगळी वाढावी लागतात. लेपर्ड गेको फक्त किडे खातो. बिअर्डेड ड्रॅगनचे पिल्लू मुख्यतः किड्यांवर वाढते आणि मोठे झाल्यावर बहुतांशी पालेभाजीवर येते. लहानपणीची सवय म्हणून मोठेपणीही रोज अळ्याच घातल्या, तर तो सुटतो आणि त्याच्या यकृतात चरबी साठते. इग्वाना जन्मभर शाकाहारी. ‘थोडे अंडे दिले तर काय बिघडते’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्राणिज प्रथिनांनी त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो आणि बिघडलेले वर्षावर्षांनी कळते. घासाचा आकार ठरवायची जुनी खूण अशी : सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून किडा रुंद नसावा. किडे पिलांना रोज, मोठ्यांना एक-दोन दिवसांआड.

कॅल्शियमचा हिशेब. पाळीव सरड्यांचे सर्वांत जास्त हाल कॅल्शियमच्या कमतरतेने होतात. आहारात फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम हवे. रातकिडे आणि मीलवर्म (एका भुंगेऱ्याची अळी) यांच्यात प्रमाण नेमके उलटे, फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. नुसत्या अशा किड्यांवर ठेवलेल्या सरड्याचे शरीर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःच्या हाडांतून ते काढू लागते. जबडा रबरासारखा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात, पाठीला पोक येतो. वाकलेले हाड मग औषधाने सरळ होत नाही.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही किड्यामार्फतच. पहिला, किड्याचे पोट भरणे : खाऊ घालण्याआधी २४ ते ४८ तास त्याला शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा आणि कॅल्शियमयुक्त भरडा द्यायचा. सरडा गिळतो ते किड्याच्या पोटातल्या पाल्यासकट. दुकानातून आणलेला, पिशवीत दोन दिवस उपाशी राहिलेला किडा म्हणजे रिकामे टरफल. दुसरा उपाय भुकटीचा. लहान डब्यात पाच-सहा रातकिडे घ्यायचे, चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेटची पूड टाकायची आणि चिवड्याला मसाला लावताना पातेले हलवतो तसा डबा हलकेच हलवायचा. पांढरे झालेले किडे लगेच पेटीत सोडायचे, कारण रातकिडा पुढचे पाय आणि मिशा पुसून काही मिनिटांत स्वच्छ होऊ लागतो. भुकटी नेमाने लागते. ड जीवनसत्त्व मिसळलेली मात्र मोजून, कारण ते शरीरात साठते आणि जास्त झाले तर बाधते.

दिवसा उन्हात बसणाऱ्या सरड्यांना हेच जीवनसत्त्व त्वचेत तयार करण्यासाठी उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण लागतात. ते खिडकीच्या काचेतून येत नाहीत. दिवाणखान्यात खिडकीपाशी पेटी ठेवून ‘ऊन मिळते की’ म्हणणे ही या छंदातली सर्वांत महाग चूक आहे.

रानातले किडे. फुकट मिळणारे नाकतोडे आणि रातकिडे पकडून घालण्याचा मोह कोणालाही होतो. दिंडोरी, निफाड, चांदवड आणि खुद्द नाशिक तालुका हा द्राक्षाचा पट्टा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी झाली की बागांवर फवारण्या सुरू होतात. पाऊस किंवा धुके आले की डावणी-भुरी या बुरशीच्या रोगांच्या भीतीने त्या वाढतात. बुरशीनाशकांच्या जोडीला थ्रिप्स आणि पिठ्या ढेकणासाठी कीटकनाशकेही असतात. बांधावर सुस्त बसलेला नाकतोडा सहज हाती लागतो, तो कदाचित औषध अंगावर घेऊन बसला आहे म्हणूनच. शहराच्या मधोमध असलेल्या बागेतही फवारणी झालेली नाही याची खात्री देता येत नाही.

काजवा कधीच देऊ नये. काजव्यांच्या काही जातींच्या अंगात हृदयावर परिणाम करणारे विष असते, आणि अमेरिकेत एखाददुसरा काजवा गिळून बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे वळवाच्या सरी झाल्या की भंडारदरा-इगतपुरीकडची झाडे काजव्यांनी लखलखतात. तिथून बाटलीत भरून आणलेला एखादा काजवा घरी सरड्याच्या पेटीपर्यंत पोचणार नाही, याकडे लक्ष ठेवावे. मुळात तो बाटलीत भरूच नये, हे वेगळे.

रातकिडे. युरोप-अमेरिकेत घरगुती रातकिडा (अचेटा डोमेस्टिकस) पिढ्यान्‌पिढ्या वाढवला गेला. एका विषाणूने तिथल्या मोठ्या फार्मांची अख्खी पैदास बुडवल्यावर अनेक जण काळ्या, पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके असलेल्या रातकिड्याकडे (ग्रिलस बायमॅक्युलॅटस) वळले. हा आपल्या हवेत सहज टिकतो, पण नर कर्कश गातो. गातो तो फक्त नरच, पुढचे पंख एकमेकांवर घासून. बंद गॅलरीत वीस नर जमले की शेजारची बेल वाजायला दोन रात्री पुरतात.

साधन साधे. उंच, गुळगुळीत भिंतींचा प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला धातूची बारीक जाळी (प्लॅस्टिकची कुरतडतात), आत ३० अंड्यांचे कागदी ट्रे उभे रचलेले. ट्रेच्या खळग्यांमुळे लपायला जागा वाढते आणि मारामारी कमी होते. खायला कोंबडीच्या पिलांचे स्टार्टर खाद्य, सोबत गाजराचे तुकडे. पाणी वाटीत ठेवले तर पिले बुडून मरतात. ओला कापूस किंवा स्पंज ठेवतात आणि तो दर दोन दिवसांनी बदलतात. प्रथिने किंवा पाणी कमी पडले की रातकिडे एकमेकांना खातात, कात टाकून नुकताच पांढरा-मऊ झालेला आधी.

मादीच्या शेपटाकडे सुईसारखी लांब नळी असते. ओल्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वाटी ठेवली की ती नळी आत खुपसून ती अंडी घालत जाते. वाटी दोन-तीन दिवसांनी काढून वेगळ्या डब्यात ३० अंशांच्या आसपास उबेला ठेवायची. आठवडा-दीड आठवड्याने सकाळी झाकण उघडावे तर कोकोपीटवर मुंगीएवढी शेकडो पिले उड्या मारत असतात. तिथून पंख फुटेपर्यंत सहा ते आठ आठवडे. वाटीतले कोकोपीट एकदा जरी कोरडे पडले तर सगळा लॉट जातो.

मीलवर्म आणि सुपरवर्म. मीलवर्म म्हणजे टेनेब्रिओ मोलिटॉर या काळपट भुंगेऱ्याची अळी. नवख्याने सुरुवात हिच्यापासून करावी. आवाज नाही, उडी नाही, वास जवळजवळ नाही. गव्हाचा कोंडा हेच तिचे घर आणि तेच अन्न. पशुखाद्याच्या दुकानात तो भुसा या नावाने मिळतो. आणल्यावर तो दोन-तीन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवला तर त्यातले आधीचे पाहुणे मरतात. ओलाव्यासाठी बटाट्याची किंवा गाजराची फोड. काकडीने कोंडा भिजून बुरशी धरतो. अंडी, अळी, कोष, भुंगेरा हा फेरा पुरा व्हायला तीन-चार महिने लागतात. वाढलेल्या अळ्या फ्रिजच्या दारात ठेवल्या तर काही आठवडे तशाच राहतात, अर्थात घरच्या फ्रिजवर तेवढा हक्क असेल तर.

सुपरवर्म (झोफोबास मोरिओ या भुंगेऱ्याची अळी) फ्रिजमध्ये मरतो. आणखी एक खोड : गर्दीत असेपर्यंत तो कोषात जातच नाही. मोठ्या अळीला एकटे पाडावे लागते. मणी-टिकल्या ठेवायच्या कप्प्यांच्या पेटीत प्रत्येक खणात एक अळी ठेवायची, अन्न नाही, पाणी नाही, पेटी अंधारात. तीन-चार दिवसांत ती इंग्रजी ‘सी’सारखी वळते आणि पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरट कोष होतो, बोट लावले तर शेपूट हलवतो. ताणलेली, वळवळणारी अळी तयार नाही. वळून पडलेली तयार.

बाकीच्या किड्यांबद्दल थोडक्यात. दक्षिण अमेरिकेतले दुबिया झुरळ मांसल असते आणि काचेवर चढत नाही. पण घरात झुरळे पाळतो हे कोणाला समजावून सांगायचे, हा प्रश्न उरतोच. मेणकिड्याच्या अळ्या चरबीने भरलेल्या, आजारी सरड्याची भूक उघडण्यापुरत्या. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळीत मात्र कॅल्शियम मुळातच भरपूर असते. ओल्या कचऱ्याचे घरी खत करणाऱ्यांच्या डब्यात वळवळणाऱ्या तपकिरी-करड्या अळ्या बऱ्याचदा याच माशीच्या असतात. पण कचऱ्यावर वाढलेली अळी थेट पेटीत नको, स्वच्छ खाद्यावर वेगळी वाढवलेली हवी.

नाशिकची हवा. दरवर्षी थंडीत निफाडचा पारा बातम्यांत येतो. त्या रात्री गॅलरीतल्या डब्यांचे काम थांबते : रातकिड्यांची अंडी फुटत नाहीत, मीलवर्म आहे तिथेच राहतो. डबे थर्मोकोलच्या खोक्यात घालून हीटिंग पॅड किंवा कमी वॅटचा बल्ब देतात. सरड्याचेही तसेच. ऊब नसेल तर खाल्लेले पचत नाही, पोटात कुजते. वीज गेलेल्या थंड रात्री त्याला उपाशी ठेवलेले बरे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की उलट, डबे खोलीच्या सर्वांत गार कोपऱ्यात, फरशीवर.

पावसाळा मात्र सर्वांत वाईट. कोंड्यात पिठासारखे बारीक माइट होतात. डब्याच्या कडेला फिकट, हलणारी धूळ दिसली की अळ्या चाळून नव्या कोंड्यात घालायच्या आणि जुना फेकायचा. मुंग्यांसाठी घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. मुंग्यांचा खडू ओढू नये. डासांची कॉइल, लिक्विड आणि गल्लीतून जाणारी धूरफवारणी यांना डास आणि रातकिडा यांतला फरक कळत नाही. फवारणीची गाडी ऐकू आली की खिडक्या बंद करून डबे आत घेणे, एवढेच हाती असते.

इग्वाना आणि मोठ्या ड्रॅगनचा पाला इथे वर्षभर मिळतो : शेवगा, जास्वंदाची पाने-फुले, लाल भोपळा, आणि दुभत्या जनावरांसाठी पिकवतात तो लसूणघास. पालकातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवते, म्हणून तो क्वचितच. द्राक्षे हवी तेवढी असली तरी त्यांत साखर जास्त आणि कॅल्शियम नावापुरते. एखादा मणी, धुऊन, अर्धा करून.

किडे हाताळल्यावर आणि पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत; सरड्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा रोगजंतू पसरतो. कोंडा आणि अळ्यांची कात यांच्या धुळीने काहींना शिंका येतात, दमाही उठतो, म्हणून चाळायचे काम उघड्यावर, नाकाला रुमाल बांधून करतात. चाळणीखाली बारीक रव्यासारखी जी विष्ठा पडते, ती उत्तम खत आहे. मुघल काळात गुलशनाबाद म्हणवणाऱ्या या गावात ती गुलाबाच्या कुंड्यांत जाते. कुंडीमागे मूठभर पुरते.