दोन मजली स्लॉट

ठाण्यात नौपाड्यातल्या एखाद्या असेम्बलरकडे, म्हणजे सुटे भाग जोडून पीसी बनवून देणाऱ्याकडे, जा. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, ग्राफिक्स कार्ड तिसरीचं, तरी मशीन सुरू होतं. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यासाठी कंपन्या एकमेकींशी किती भांडल्या, याची आठवणही राहिलेली नाही.

12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. आत इंटेलचा 8088 प्रोसेसर, वेग 4.77 मेगाहर्ट्झ, आणि जोडकार्डांसाठी पाच स्लॉट. सर्किटचे आराखडेच काय, बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, कोडही आयबीएमने मॅन्युअलमध्ये छापला होता. मात्र बायोसवर कॉपीराइट होता. तो उतरवून काढणं म्हणजे कोर्टाची पायरी. कॉम्पॅकने रीतसर मार्ग काढला. इंजिनिअरांच्या एका गटाने बायोस काय काम करतो एवढंच लिहून काढलं आणि मूळ कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा बायोस लिहिला. 1983 मध्ये कॉम्पॅकचं मशीन ग्राहकांच्या हाती पडलं आणि मागोमाग ‘आयबीएम कम्पॅटिबल’ मशीनची रांग लागली.

एप्रिल 1987 मध्ये आयबीएमने पीएस-टू हे नवं मशीन आणलं, त्यात मायक्रो चॅनल नावाची नवी बस, म्हणजे कार्डं आणि प्रोसेसर यांच्यात माहिती ने-आण करणारा मार्ग. रचना म्हणून ती खरोखर सरस होती. आधीच्या पीसींतल्या आयसा नावाच्या बसवर दोन कार्डांनी एकच इंटरप्ट लाइन, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार, धरली की मशीन अडायचं. मग कार्ड उपसून त्यावरचे जम्पर, म्हणजे सेटिंगच्या छोट्या पिना जोडणाऱ्या टोप्या, बदलत बसा. मायक्रो चॅनलवर कार्डं ती लाइन वाटून घेऊ शकत आणि सेटिंग सॉफ्टवेअरने होई. पण जुनं एकही कार्ड त्यात बसत नव्हतं, आणि इतर कंपन्यांना ती वापरायची तर रॉयल्टी मोजावी लागणार होती.

सप्टेंबर 1988 मध्ये कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी, ऑलिव्हेटी, टँडी, एएसटी, वाइज आणि झेनिथ या नऊ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी मायक्रो चॅनलला उत्तर म्हणून ईआयसा ही आयसाचीच वाढवलेली, 32 बिटची बस जाहीर केली. तिचा स्लॉट मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. आत संपर्कपट्ट्यांचे दोन मजले: वर जुन्या आयसाच्या, खाली नव्या. मध्ये प्लास्टिकचे छोटे अडसर. जुनं कार्ड त्या अडसरांवर टेकून वरच्याच मजल्यावर थांबायचं. नव्या कार्डाच्या कडेला नेमक्या त्या जागी खाचा असायच्या, त्यामुळे ते तळापर्यंत उतरून दोन्ही मजल्यांना भिडायचं. गिऱ्हाइकाने आधी पैसे मोजून घेतलेलं कार्ड वाया न घालवता पुढे जाण्याची ही युक्ती.

ईआयसा महाग पडली, त्यामुळे ती मुख्यतः सर्व्हरमध्येच रमली. घरच्या पीसीत साधी आयसाच टिकली. पण आयबीएमला बाजार आपल्यामागे फरफटत नेता आला नाही, आणि मायक्रो चॅनल मागे पडली.

कोंडी फुटली 1992 मध्ये, इंटेलच्या पीसीआय या नव्या बसने. सेकंदाला 133 मेगाबाइटपर्यंत वेग, आपोआप सेटिंग, आणि मानक सांभाळायला अनेक कंपन्यांची मिळून एक संस्था. पीसीआयला आयसा कार्ड चालत नव्हतं, म्हणून मदरबोर्डवाल्यांनी कित्येक वर्षं दोन्ही प्रकारचे स्लॉट शेजारीशेजारी दिले. आजच्या पीसीआय एक्स्प्रेसमध्येही आखूड कार्ड लांब स्लॉटमध्ये बसतं आणि चालतं.

पीएस-टूच्या कीबोर्ड-माउसचे ते गोल पोर्ट मात्र आयबीएमच्या प्रतिस्पर्ध्यांनीही उचलले. आजही काही मदरबोर्डांच्या मागे तसा एखादा पोर्ट असतो, आणि दुकानदार त्याला ‘पीएस-टू’च म्हणतात.