थंडरबर्डची ईएसआर आणि मासिक आवृत्ती: नेमका फरक काय आणि आपल्या ऑफिसाला कोणती?

एकाच ऑफिसात शेजारीशेजारी दोन कॉम्प्युटर, दोन्हींवर थंडरबर्ड, आणि तरी एकाचं रूप वर्षभर जसंच्या तसं, तर दुसऱ्यावर दर महिन्याला काहीतरी हललेलं. ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या ऑफिसांत हे चित्र आता नेहमीचं झालंय. नौपाड्यातली सीएंची ऑफिसं, वागळे इस्टेटमधले कारखाने, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांची कार्यालयं, वाशीच्या बाजार समितीतले गाळे, अशा ठिकाणी मेलचा सगळा व्यवहार थंडरबर्डवर चालतो, कारण ते फुकट आहे आणि जुने मेल स्वतःच्या डिस्कवर ठेवू देतं. तिथे काम करणाऱ्यांचा वैताग खरा आहे. सकाळी बिलं पाठवायला बसावं आणि रोजच्या जागी बटणच नसावं, हा कामाचा खोळंबा आहे. पण हा वैताग बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीवर निघतो, कारण आपल्याकडे थंडरबर्डची नेमकी कोणती आवृत्ती आहे हेच माहीत नसतं.

थंडरबर्ड आज दोन वाटांनी मिळतं. एक ईएसआर, म्हणजे एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज. दुसरी 'रिलीज' नावाची मासिक वाट. मार्च २०२५ मध्ये १३६ क्रमांकाची आवृत्ती आली तेव्हापासून थंडरबर्डच्या साइटवरचं डाउनलोडचं मुख्य बटण ही मासिक आवृत्ती देतं. ईएसआर हवी असेल तर ती मुद्दाम निवडावी लागते. त्यामुळे आधीच्या कॉम्प्युटरवर ईएसआर राहिली आणि त्यानंतर घेतलेल्या कॉम्प्युटरवर कोणी सहज बटण दाबून थंडरबर्ड टाकलं तर तिथे मासिक आली. दोघांनाही वाटतं की आपण एकच सॉफ्टवेअर वापरतोय.

ओळखायला सोपं आहे. हेल्प मेनूत अबाउट थंडरबर्ड उघडा आणि आवृत्तीचा आकडा पाहा. आकड्याच्या शेपटाला 'esr' अशी अक्षरं चिकटलेली असतील तर ती ईएसआर. नुसताच आकडा असेल तर मासिक.

गोंधळाचं खरं मूळ मात्र पुढे आहे. 'ईएसआर वर्षातून एकदा बदलते' असं सांगितलं की लोक म्हणतात, छे, माझ्याकडे तर दर महिन्याला अपडेट येतं, मग माझी मासिकच असणार. अपडेट दोन्हींना येतं, जवळपास सारख्याच अंतराने येतं, आणि 'रिस्टार्ट करा' असं दोन्ही सांगतात. बाहेरून काहीच फरक कळत नाही. फरक आकड्यात कळतो. मासिक वाटेवर टिंबाच्या आधीचा आकडा वाढत जातो: १४१, १४२, १४३. ईएसआरवर तो आकडा वर्षभर १४० च राहतो आणि टिंबानंतरचा वाढतो: १४०.१, १४०.२, १४०.३. टिंबानंतरच्या वाढीत सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि सापडलेल्या चुकांची डागडुजी असते. टिंबाआधीचा आकडा सरकला की नवीन सोयी आणि नवी मांडणीही आत येऊ शकतात.

म्हणून ईएसआर म्हणजे जुनाट आणि असुरक्षित, ही समजूतही सोडून द्यावी. सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन्ही वाटांना मिळतात.

या दोन वाटा का झाल्या, ते थोडं मागे जाऊन पाहायला हवं. थंडरबर्डची १.० आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. ते मोझिला या संस्थेच्या फायरफॉक्स ब्राउझरच्याच इंजिनावर उभं आहे, त्यामुळे फायरफॉक्स जितक्या वेगाने बदलतो तितकं थंडरबर्डच्या पायाखालचं हलत राहतं. २०११ मध्ये फायरफॉक्सने दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली तेव्हा थंडरबर्डही त्या वेगाने धावलं होतं. २०१२ मध्ये मोझिलाने त्यातला आपला सहभाग कमी केला आणि १७ क्रमांकाच्या आवृत्तीपासून सगळेच ईएसआरच्या वार्षिक चालीवर आले. पुढची बारा वर्षं सर्वसामान्य वापरकर्त्याला दुसरा पर्यायच नव्हता. २०२० पासून मोझिला फाउंडेशनच्या एमझेडएलए नावाच्या उपकंपनीकडे थंडरबर्ड आहे, लोकांच्या देणग्यांवर ते चालतं, आणि त्या पैशातून वाढलेल्या टीमने २०२५ मध्ये मासिक वाट पुन्हा उघडली.

वार्षिक चालीची किंमत काय असते ते लोकांनी दोनदा चांगलंच अनुभवलंय. जुलै २०२० मध्ये ७८ आली आणि जुन्या पद्धतीने लिहिलेली ॲड-ऑन्स, म्हणजे थंडरबर्डला वरून जोडायच्या छोट्या सोयी, एकदम बंद पडली. मेलचं एन्क्रिप्शन करणारं एनिगमेल त्यातच गेलं, त्याचं काम थंडरबर्डने स्वतःच्या पोटात घेतलं. मग जुलै २०२३ मध्ये ११५, म्हणजे 'सुपरनोव्हा'. टूलबार खिडकीच्या माथ्यावर गेला, मेलच्या यादीला कार्डांचं रूप मिळालं, फोल्डरांची मांडणी नव्याने बांधली गेली. १०२ वरून ११५ वर जाणाऱ्याला मधल्या तेरा आकड्यांतलं सगळं एका सकाळी समोर आलं. घराचं रंगकाम, फरशी आणि स्वयंपाकघराचा ओटा आपण गावाला गेलेलो असताना कोणी एकदमच बदलून ठेवावं, तसं ते झालं. बदल वाईट होते असं माझं म्हणणं नाही. मेलची यादी जुन्या कोडवर टेकलेली होती आणि ती कधीतरी नव्याने लिहावीच लागणार होती. पण दिवसाला शंभर मेल हाताळणाऱ्या माणसाचा हात ज्या सवयीवर चालतो, ती सवय एका फटक्यात निकामी झाली, आणि तो राग मला पूर्ण समजतो.

(११५ च्या पुढच्या कोणत्याही आवृत्तीत कार्डं नको असतील तर मेलच्या यादीच्या वर उजवीकडे जे छोटं चिन्ह आहे त्यात टेबल व्ह्यू निवडता येतो. आणि मुख्य मेनूत डेन्सिटी 'कॉम्पॅक्ट' केली की ओळी पुन्हा जवळ येतात. निम्मी तक्रार एवढ्याने मिटते.)

मासिक वाटेवर हा एकगठ्ठा धक्का बसत नाही. या महिन्यात एक मेनू हलतो, पुढच्या महिन्यात एखादं सेटिंग नव्या पानावर जातं. प्रत्येक बदल छोटा, पण घर पूर्णपणे शांत असं कधीच नसतं. नवीन गोष्टी मात्र आधी इथे मिळतात. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या कंपन्यांसाठीच्या मेल सर्व्हरला थेट जोडणी नोव्हेंबर २०२५ च्या १४५ मध्ये आली. महापे-रबाळे पट्ट्यातल्या ज्या कंपन्यांचा मेल एक्स्चेंजवर आहे आणि जिथे त्यासाठी वेगळं ॲड-ऑन विकत घ्यावं लागत होतं, त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे. १४० ईएसआरवर बसलेल्याला त्यासाठी पुढच्या ईएसआरची वाट पाहणं भाग आहे.

ॲड-ऑन्सचं गणित बरोबर उलटं आहे. जी ॲड-ऑन्स थंडरबर्डने ठरवून दिलेल्या अधिकृत मार्गांनीच चालतात ती सहसा दोन्हीकडे टिकतात. पण काही ॲड-ऑन्स थेट थंडरबर्डच्या आतल्या कोडला हात घालतात, आणि आतलं कोड हललं की ती तुटतात. अशी ॲड-ऑन्स बहुतेक एकटाच माणूस फावल्या वेळात सांभाळत असतो. वर्षातून एकदा दुरुस्ती करणं त्याला जमतं, दर महिन्याला जमेलच असं नाही. तुमचं काम अशा एखाद्या ॲड-ऑनवर अडलेलं असेल तर ईएसआर सोडू नका. हा मुद्दा मला बाकी सगळ्यांहून मोठा वाटतो.

आता सगळ्यात धोक्याची जागा. ईएसआरवरून मासिकवर जाणं सोपं, परत येणं अवघड. तुमचे मेल, फिल्टर, सह्या, ॲड्रेस बुक, पासवर्ड हे सगळं 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरात असतं. नव्या आवृत्तीने ते प्रोफाइल एकदा उघडलं की जुनी आवृत्ती ते उघडायला नकार देते, नवं प्रोफाइल करा किंवा बंद करा एवढेच पर्याय देते. हा अडथळा मुद्दाम घातलाय, कारण नव्या आवृत्तीने बदललेल्या फाइली जुनीने लिहिल्या तर त्या खराब होऊ शकतात. बळजबरीने तो ओलांडायची युक्ती आहे, पण ऑफिसच्या मेलवर ती वापरू नये. म्हणून मासिक टाकण्याआधी थंडरबर्ड बंद करून पूर्ण प्रोफाइल फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. टूल्स मेनूतला एक्सपोर्ट दोन जीबीपर्यंतच्या प्रोफाइललाच पुरतो. दहा वर्षांची बिलं साठलेल्या प्रोफाइलला तो कामाचा नाही, तिथे फोल्डरच कॉपी करावा लागतो. खातं आयमॅपवर असेल तर मेल सर्व्हरवर सुरक्षित असतात. पॉपवर असेल तर मेल फक्त तुमच्या डिस्कवर असण्याची शक्यता मोठी, आणि बाजार समितीतल्या जुन्या खात्यांत पॉप अजून बरंच दिसतं.

वैतागलेले लोक तिसरा उपाय काढतात, अपडेटच बंद करून टाकायचं. हे ईएसआर नव्हे, आणि हे कृपा करून करू नका. मेलचं सॉफ्टवेअर दिवसभर अनोळखी माणसांनी पाठवलेल्या गोष्टी उघडत असतं. प्रत्येक दुरुस्तीबरोबर कोणतं छिद्र बुजवलं ते जाहीर होतं, म्हणजे ज्याने दुरुस्ती घेतली नाही त्याचं छिद्र कुठे आहे हेही सगळ्यांना कळतं. सेटिंग्जमध्ये 'अपडेट तपासा पण कधी घालायचं ते मी ठरवेन' असा पर्याय आहे. तो वापरा, आणि कामाचा दिवस संपल्यावर अपडेट घाला.

कोणाला कोणती, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जिथे एकाहून जास्त माणसं एकाच पद्धतीने काम करतात, तिथे सगळ्या कॉम्प्युटरवर ईएसआर असावी. एकाने दुसऱ्याला फोनवर 'डावीकडचं तिसरं चिन्ह दाब' असं सांगता आलं पाहिजे. एकट्याने काम करणारा, नवं शिकायची आवड असलेला किंवा एक्स्चेंजची गरज असलेला माणूस मासिक घेऊ शकतो.

ईएसआर घेणाऱ्या सीएंनी एक गोष्ट मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवावी. गेल्या तीन मोठ्या ईएसआर आवृत्त्या, ११५, १२८ आणि १४०, जुलैतच आल्या. आपल्याकडे जुलै म्हणजे रिटर्नचा हंगाम, आणि सरकारने मुदत वाढवली तर तो पुढे लांबतो. सुदैवाने नवी ईएसआर आली म्हणून जुनी त्याच दिवशी वाऱ्यावर सोडत नाहीत, जुन्या आवृत्तीलाही काही आठवडे दुरुस्त्या मिळत राहतात. ती सवड वापरा. रिटर्नची मुदत संपल्यावर आणि टॅक्स ऑडिटची धावपळ सुरू व्हायच्या आधी, ऑगस्टमधला एखादा शनिवार ठरवून सगळे कॉम्प्युटर एकत्र नव्या ईएसआरवर न्या, आणि त्या दिवशी सगळ्यांना तासभर बसवून काय कुठे गेलंय ते दाखवा. मोठी उडी टळत नाही, पण तिचा दिवस तुम्ही ठरवता.

काही अडचणी या दोन्ही वाटांच्या बाहेरच्या असतात, त्यांचा राग थंडरबर्डवर काढून उपयोग नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांना नुसत्या पासवर्डने दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आत येऊ देणं बंद केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वैयक्तिक खात्यांबाबत तेच केलं. 'पासवर्ड बरोबर असून मेल येत नाही' ही तक्रार असेल तर आधी खात्याच्या सेटिंगमध्ये ओऑथ२ (OAuth2, गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्याच पानावर लॉगिन करून परवानगी द्यायची पद्धत) निवडलंय का ते बघा, आवृत्ती बदलत बसू नका. आणि वागळे इस्टेटमध्ये मशीनला जोडलेले विंडोज ७ चे जे जुने कॉम्प्युटर अजून चालतात त्यांच्यासाठी ११५ हीच शेवटची आवृत्ती आहे. तिथे मेल वापरणं थांबवणं आणि मेल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेणं, एवढंच सांगता येतं.

राहता राहिली तक्रार करण्याची गोष्ट, आणि तिथे ईएसआरवाल्यांची बाजू खरोखर लंगडी पडते. जुलैत तुमच्या स्क्रीनवर आलेली मांडणी बनवणाऱ्यांनी कदाचित आदल्या ऑक्टोबरात लिहिलेली असते. तुमची तक्रार पोचेपर्यंत तिच्यावर पुढचे मजले चढलेले असतात, आणि मग ती मागे फिरवणं जवळपास अशक्य होतं. मासिक वापरणारा माणूस तोच बदल पहिल्या काही आठवड्यांत पाहतो आणि कोड ताजं असताना बोलतो. म्हणून ज्या ऑफिसात पाच-सात कॉम्प्युटर आहेत, तिथे एका जाणत्या माणसाच्या कॉम्प्युटरवर, स्वतंत्र प्रोफाइल करून, मासिक आवृत्ती ठेवावी. त्याने काय बदलतंय ते बघावं, खटकेल ते मोझिलाच्या बगझिला या तक्रार नोंदवायच्या साइटवर स्क्रीनशॉटसह नोंदवावं, आणि ऑगस्टच्या त्या शनिवारी बाकीच्यांना शिकवायला उभंही त्यानेच राहावं.